पोत्यातले मांजर

वार्षिक अंकासाठी काय लिहितेस, असे मैत्रिणींनी विचारले तेव्हा मी खरे ते सांगितले आणि त्या हसल्या. कुणी व्यसनमुक्तीवर लिहिणार, कुणी पर्यावरणावर; आणि मी लिहिणार, मांजराला डॉक्टरकडे कसे न्यावे यावर. हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या आबांनाही हसू आले होते. "माणूस दोन दिस ताप अंगावर काढतंय, आन् मांजराला डाक्टर?" असे ते म्हणाले. पण मला मांजराच्या लाडाविषयी बोलायचे नाही. 'मांजर फार हूड, ते डॉक्टरकडे नेताच येत नाही' असे जे सर्रास म्हटले जाते ते मला मान्य नाही. मांजर नेता येते. आपली नेण्याची रीत वाईट आहे, आणि ती रीत कुठून आली हे मी घरातच पाहिले आहे.

कराडजवळ कृष्णाकाठी आमचे गाव. आमच्याकडे मांजर पोत्यात घालण्याचा प्रसंग एकच. पिले हिंडूफिरू लागली, दुधाच्या पातेल्यापर्यंत पोहोचू लागली, की त्यांना पोत्यात भरायचे आणि नदीपलीकडे सोडून यायचे. पोते अशासाठी, की परतीची वाट दिसू नये. आमच्या मनीची पिले अशी दोनदा गेली. एकदा तर मनीलाच सोडले होते. पाचव्या दिवशी ती चिखलाने माखून दारात येऊन बसली. त्यानंतर आईने तिला घालवण्याची गोष्ट काढली नाही.

मी बारावीत असताना मनीने अन्न सोडले. आम्ही तीन दिवस वाट पाहिली. (मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याचे यकृत बिघडू लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. गावात ते आजही फारसे कुणाला ठाऊक नाही.) चौथ्या दिवशी मी आणि चुलतभावाने तिला धरून युरियाच्या रिकाम्या पोत्यात घातले, तोंड सुतळीने बांधले आणि पोते मोटरसायकलच्या हँडलला अडकवले. वाटेत ती ओरडली नाही. त्यामुळे ती शांत आहे असेच आम्हाला वाटले. दवाखान्यात पोत्याचे तोंड सोडताच ती जी उसळली ती डॉक्टरांच्या टेबलावरून खिडकीत, आणि खिडकीतून बाहेर. संध्याकाळपर्यंत आम्ही तिची जर्मनची ताटली वाजवत त्या भागात फिरलो. ती सापडली नाही; पुढे कधीच दिसली नाही.

रात्री आई एवढेच म्हणाली, "तिला वाटलं आसंल, पुन्यांदा सोडाया आनलं." हे वाक्य मला अजून विसरता येत नाही.

यंदा मानसशास्त्राच्या तासाला सरांनी पाव्हलॉव्ह शिकवला. पाव्हलॉव्ह हा रशियन शास्त्रज्ञ. १९०४ सालचे नोबेल त्याला पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल मिळाले, पण सगळे जग त्याला ओळखते ते कुत्र्याच्या प्रयोगामुळे. अन्नाआधी दरवेळी ठरावीक आवाज ऐकवला, की पुढे नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. सगळा वर्ग परीक्षेच्या दृष्टीने टिपणे घेत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे पोते आले. मनीची घंटा ते पोते होते. आणि ती घंटा आम्हीच वाजवून ठेवली होती. शहरातल्या लोकांकडे मांजरासाठी विकतचा पिंजरा असतो, पण तोही बहुधा माळ्यावर असतो आणि सुई टोचायच्या दिवशीच खाली येतो. मग तो दिसताच मांजर पलंगाखाली गेले तर दोष कुणाचा?

मनी पळाली त्या दिवशी डॉक्टर रागावले नव्हते. ते म्हणाले, "अगं, पुढच्या वेळी टोपली आधी घरात आण, आजार मागून येऊ दे." त्या वेळी मला ते बोलणे चेष्टेचे वाटले. पुढच्या वर्षी घरात बोका आला, बंड्या, तेव्हा मी टोमॅटोची दोन प्लास्टिकची कॅरेट मागून आणली. एकात आईचे जुने लुगडे, न धुतलेले, अंथरले आणि ते चुलीमागच्या कोपऱ्यात ठेवले. दुसरे त्याच्यावर पालथे, अर्धे सरकवून. आठ दिवस बंड्याने तिकडे पाहिले नाही. मग मी त्याची भाकरी-दूध आत ठेवू लागले. महिन्याभरात ते त्याचे घर झाले. तो जाता-येता त्याच्या कडेला गाल घासायचा. मांजराच्या गालातून एक गंध पाझरतो आणि जिथे तो लागला ती जागा त्याला आपली वाटते. हल्ली असा कृत्रिम गंध फवाऱ्यात भरून विकत मिळतो. आमचे काम लुगड्यावर भागले.

गेल्या थंडीत बंड्या राखेत वारंवार बसू लागला, पण लघवी होईना. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. 'पोट धरले असेल, एरंडेल पाजा' असे शेजारून सल्ले आले. एकाने आपली तापाची गोळी अर्धी करून आणली होती. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, हे सांगताना माझा आवाज चढला, त्याबद्दल आईने मला दटावले. बंड्या कॅरेटमध्येच पडून होता. मी वरचे कॅरेट पुरते सरकवले, चारी कोपरे बांधले, वर चादर टाकली. झटापट नाही, ओरखडा नाही. वडापमध्ये एका माणसाचे जास्तीचे भाडे देऊन कॅरेट सीटवर ठेवले आणि वरून हाताने धरून बसले. लोक हसले, पण ड्रायव्हरने सांगितल्यावर गाणी बंद केली.

दवाखान्यात आवारात कुत्री होती म्हणून मी कॅरेट जमिनीवर न ठेवता बाकावर ठेवले. आत नुसते वरचे झाकण काढले. डॉक्टरांनी त्याला खालच्या कॅरेटमध्येच तपासले, भूल दिली, नळी घातली. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढचे. त्या आठवड्यात आणखी दोनदा जावे लागले. पोत्यातले मांजर एकदाच नेता येते. दुसऱ्यांदा ते हाती लागत नाही.

तरीही काही मांजरे भिणारच. तोंड उघडून धापा टाकणारे मांजर फार घाबरलेले किंवा फार आजारी असते. अशासाठी निघण्याआधी द्यायचे गॅबापेंटिनसारखे औषध डॉक्टर देतात. ते त्यांना विचारूनच द्यावे.

ग्रंथालयात मी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढून पाहिला. जनावराला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणे हा त्यात गुन्हा आहे, आणि उपाशी मरण्याच्या स्थितीत सोडून देणे हाही. दोन्ही एकाच कलमात आहेत. तरीही मला वाटते, आमच्या गावात कायद्याने काही होणार नाही. आबा म्हणतात त्यातही खोटे काही नाही. पैसा कमी आहे आणि आधी माणूस. पण कॅरेटला पैसा लागला नाही. लागला तो एक महिना, आजार नसतानाचा.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी आमच्या घरातले कुणीच या इमारतीत पूर्वी आलेले नव्हते. आबा ऑफिसच्या दाराशी चपला काढून उभे राहिले आणि आत जायला तयार होईनात. मी आईच्या पिशवीचे बंद घट्ट धरून ठेवले होते. त्या पिशवीला चुलीचा वास होता.

बंड्या घरी परतला तेव्हा त्याला औषधाचा वास येत होता, म्हणून घरातली दुसरी मांजर दोन दिवस त्याच्यावर फिसकारत राहिली. तो आपला कॅरेटमध्ये जाऊन झोपला. कांदे निघाल्यावर आबांनी ती कॅरेट मागितली; आईने त्यांना शेजारून दुसरी आणायला सांगितले.