बायो सोडून कॉम्प्युटर घेताय? आधी लॅब बघून या!

दहावीचा निकाल लागला की आमच्या अमडापुरात बल्लाळदेवीला नारळ फुटतात, आणि मग पालक सल्ला विचारायला निघतात. परवा ओळखीतले एक जण घरी आले. म्हणाले, "भाऊ, पोरगं म्हणते बायो नको, कॉम्प्युटर सायन्स घेतो. घेऊ देऊ का?"

मी लगेच हो म्हणालो नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही.

आपल्या बोर्डात बारावी सायन्सला कॉम्प्युटर सायन्स हा बायफोकल विषय आहे. २०० गुणांचा. तो घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. बहुतेक पोरं बायोलॉजी सोडतात. म्हणजे नीटचा रस्ता सोळाव्या वर्षीच अवघड. एवढं मोजून जे घेतो, ते पदरात पडतं का? माझा सगळा राग इथेच आहे.

२०० पैकी १०० गुण प्रॅक्टिकलचे. म्हणून गावोगाव याची ओळख 'स्कोरिंग सब्जेक्ट' अशीच. नात्यातल्या एका मुलीची जर्नल मी पाहिली होती. (कॉलेजचं नाव घेत नाही.) अक्षर मोत्यासारखं, बबल सॉर्टचा प्रोग्राम एकदम बरोबर. विचारलं, "रन करून पाहिला का?" तर म्हणते, "नाही काका, सीनियर ताईची जर्नल उतरवली. लॅबला वर्षात तीनदा गेलो, त्यात एकदा लाईट नव्हती." प्रॅक्टिकलला तिला चांगले गुण मिळाले. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिल्याच महिन्यात फोन करून रडली. शेजारची पोरं टकाटक टाईप करतात आणि हिला एरर म्हणजे काय तेच कळेना. पोरगी हुशार आहे हो. तिची फसवणूक झाली, ती पण चांगले मार्क देऊन!

अभ्यासक्रमाबद्दलही बोललं पाहिजे. वर्षानुवर्षे दुसऱ्या पेपरात ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकवला गेला. इंटेलने ही चिप १९७६ साली आणली. जुनी आहे म्हणून मी नाक मुरडणार नाही. रजिस्टर, मेमरी, स्टॅक समजायला ती अजूनही चांगली. पण हातात किट नसेल तर MOV A,B म्हणजे 78H हे पाढ्यासारखं पाठ करण्यात काय हशील? तिकडे सीबीएसईची पोरं अकरावीपासून पायथन लिहितात. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर सहावीपासून कोडिंग असं छापलंय. छापायला काय लागतं!

सीईटीचा मुद्दा वेगळाच. पीसीएमच्या पेपरात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स एवढंच. त्यामुळे क्लासवाल्यांना कॉम्प्युटर नकोच असतो आणि पोरंही तो शेवटच्या महिन्यावर टाकतात. शिकवणारे तरी कोण? बऱ्याच ठिकाणी तासिका तत्त्वावरचे सर, जे दिवाळीनंतर दुसरी नोकरी मिळाली की जातात. त्यांना दोष देणार नाही, तेवढ्या मानधनात घर चालत नाही. आयटी हा याचाच भाऊबंद विषय. २०२३ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी बारावीच्या पेपर तपासणीवर बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत आयटीला अनुदान द्या हीही मागणी होती. ती चेष्टेची नव्हती.

अजून एक गोष्ट शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, फार चांगली योजना. पण प्रॅक्टिकलची बॅच दुपारी ठेवली आणि गावाकडची गाडी त्याच वेळेला असली, तर मुलगी बॅच सोडते, गाडी नाही. एवढी साधी वेळ जुळवायला कोणता जीआर लागतो?

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. गावातलं पोरगं मोबाईलवर चिखली, खामगाव, बुलढाणा असे दहा पर्याय भरतं, पण त्या स्क्रीनवर लॅब दिसत नाही. म्हणून त्या पालकांना मी म्हणालो, पोराला घेऊन स्वतः कॉलेजात जा. किती मशीन चालू आहेत ते मोजा. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर आहे का बघा. शिकवणारे सर वर्षभर राहणार का, हे प्राचार्यांना तोंडावर विचारा. बॅच कितीची, तेही. लाजू नका, फी तुम्हीच भरणार आहात. आणि लॅब बरी निघाली, पोराला खरंच आवड असली, तर बिनधास्त घेऊ द्या. घरी कॉम्प्युटर नसला तरी सी++ चे छोटे प्रोग्राम मोबाईलवर रन होतात; जर्नल उतरवण्यापेक्षा ते शंभर पट बरं.

ते काल जाऊन आले. म्हणाले, "भाऊ, लॅबला कुलूप होतं. चावी ज्याच्याकडे तो शिपाई रजेवर." सोमवारी परत जाणार आहेत, या वेळी मीही सोबत जातोय. आपल्या भागातून कॉम्प्युटर घेऊन बारावी झालेले, आता पुण्यात नोकरीला असलेले कोणी असाल, तर खाली लिहा: तुमच्या वेळी लॅब किती दिवस उघडी असायची?