जीर्णोद्धार खरा कोणता?

जुनी वास्तु मोडकळीस आली म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पूर्वजांचें होतें तसें हुबेहूब उभारा. दुसरा म्हणतो, उरलें असेल तेवढेंच सांभाळा. उत्तर जर्मनींतील ल्युबेक नगराच्या सेंट मेरी चर्चमध्यें या वादाचीं दोन्ही उत्तरें एकाच छपराखालीं पाहावयास मिळालीं.

त्या प्रदेशांत बांधकामाचा दगड दुर्मिळ. माती मात्र विपुल. म्हणून तेराव्या-चौदाव्या शतकांत तेथील व्यापाऱ्यांनीं बाजारपेठेलगत भाजलेल्या तांबड्या विटांचें हें चर्च उभारलें. बिशपाचें मुख्य चर्च निराळें, हें नागरिकांचें. मध्यभागाची छत-कमान सुमारें ३८ मीटर उंच आणि दोन्ही मनोरे सुमारें १२५ मीटर! बाल्टिक समुद्राकांठच्या कित्येक नगरांनीं याचाच कित्ता गिरविला. १७०५ सालीं वीस वर्षांचा बाख शेंकडों मैल पायीं चालून येथील ऑर्गनवादक बुक्स्टेहूड यांस ऐकावयास आला होता.

१९४२ च्या मार्चमध्यें ब्रिटिश विमानांच्या बाँबवर्षावानें चर्च पेटलें. मनोऱ्यांतील अजस्र घंटा कोसळून फुटल्या. उष्णतेनें भिंतींचा चुना गळून पडला व त्याखालीं दडलेलीं मध्ययुगीन चित्रें उघडीं झालीं. युद्धानंतर त्यांची डागडुजी झाली. १९५१ सालीं मोठा उत्सव झाला, टपालाचीं तिकिटेंहि निघालीं. परंतु पुढच्याच वर्षीं लोथार माल्स्काट या चित्रकारानें आपण होऊन कबुली दिली कीं, वेदीकडील भिंतींवरचे साधुसंत प्राचीन नसून आपल्याच कुंचल्यांतले आहेत! खटला होऊन त्यास शिक्षा झाली आणि तीं चित्रें पुसून टाकण्यांत आलीं.

फुटलेल्या घंटा मात्र दक्षिणेकडील मनोऱ्यांत पडल्या तेथेंच राखून ठेविल्या आहेत. चर्च पुन्हां उभें राहिलें, नव्या घंटाहि आल्या. पण त्या तुकड्यांस कोणीं जोडलें नाहीं.

येथें मला आपल्या जुन्या पोथ्यांच्या नकला आठवतात. मूळ पान किडीनें खाल्लेलें असल्यास प्रामाणिक लेखक तेवढी जागा कोरी सोडी. स्वतःचीं अक्षरें घालून श्लोक पुरा करीत नसे. ती कोरी जागा म्हणजे अज्ञान नव्हे, ती पूर्वजांविषयींची सचोटी होय. वाड्याचा वासा बदलतांना अथवा घराण्याची हकीकत मुलांस सांगतांना एवढें ध्यानीं ठेवावें: नवें घालावें, पण नवें म्हणून घालावें. भिंतीवरच्या सुंदर असत्यापेक्षां जमिनीवर पडलेली भग्न घंटा अधिक बोलते.