सरमेचा शाप आणि आमची छडी

जनमेजय राजाचे दीर्घसत्र कुरुक्षेत्रावर चालू असता तेथे देवशुनी सरमेचे पिलू आले आणि राजाच्या तिघा भावांनी त्याला बडवून काढले. पिलू रडत आईकडे गेले. आईने प्रथम त्यालाच विचारले, तुझ्या हातून काही अपराध घडला असेल. त्याने सांगितले की, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही आणि ते चाटलेही नाही. मग सरमेने सत्रमंडपात जाऊन जाब विचारला. कोणी उत्तर देईना, तेव्हा निरपराध्याला मारल्याबद्दल अदृष्ट भयाचा शाप देऊन ती निघून गेली. आदिपर्वातील ही कथा आपण पुराणिकाच्या तोंडून ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन नैवेद्याच्या ताटाकडे वळलेल्या कुत्र्याच्या पाठीत काठी घालतो. सरमेने निदान अपराधाची चौकशी तरी केली. आपण तेवढीही करीत नाही.

इंदूरच्या मराठी माणसाला तर हे मुळीच शोभत नाही. राजवाड्यात होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड आहे. त्या देवाच्या टाकावर घोड्याशेजारी कुत्रा असतो. दत्ताच्या तसबिरीत चार श्वान असतात, त्यांना आपण वेद म्हणतो. रायगडावर १९३६ साली जे वाघ्याचे स्मारक उभे राहिले, त्याला पैसा इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी दिला. वाघ्याच्या कथेला इतिहासाचा आधार किती, याविषयी वाद आहे आणि तो येथे सोडवावयाचा नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, मेलेल्या कुत्र्याच्या निष्ठेवर चौथरे बांधणारा समाज जिवंत कुत्र्याला शिकविण्याचे साधे कष्ट घेत नाही.

हे मी उंचावरून बोलत नाही. रामबागेतील आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. दार उघडे मिळाले की तो बाहेर पळे. मी हाका मारीत बसे. अर्ध्या तासाने तो शेपूट हलवीत परत येई, आणि आला की मी त्याला चपलेने मारी. माझ्या समजुतीने ती शिक्षा पळून जाण्याची होती. परंतु मार पडला तो परत आल्यावर. मोत्याने जे घडले तेच ध्यानात ठेवले: हाकेला ओ दिली की मार बसतो. एका दिवाळीच्या रात्री फटाक्याच्या आवाजाने तो बिथरून पळाला. मी गल्लीच्या टोकाशी उभा राहून हाक मारली. त्याने कोपऱ्यावरून माझ्याकडे पाहिले, कान मागे पाडले, आणि तो उलट दिशेने निघून गेला. चार दिवस शोधूनही सापडला नाही. मोत्या अशिक्षित नव्हता. मीच त्याला दोन वर्षे नेमाने शिकविले होते की, बोलावल्यावर येऊ नये.

ज्या कृत्यामागून लगेच सुख येते ते प्राणी पुन्हा करतो, हे थॉर्नडाईक या अमेरिकन संशोधकाने १८९८ मध्येच पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून दाखविले. १९५१ साली स्किनरने सामान्य गृहस्थासाठी एक लेख लिहून, अन्नाचा तुकडा आणि एक ठराविक आवाज एवढ्यावर घरचा कुत्रा कसा शिकवावा, हे सांगितले. ब्रिटनमधील ३६४ कुत्र्यांच्या मालकांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. जेथे बक्षिसाने शिकविले तेथे आज्ञापालन अधिक आढळले, आणि जेथे शिक्षा होती तेथे खोड्याच अधिक आढळल्या. पोर्तुगालमध्ये २०२० साली ९२ कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात धाकाने शिकविलेल्यांत ताणाची लक्षणे जास्त दिसली.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच. वाकडे राहते ते शेपूट; कुत्र्याच्या बुद्धीविषयी ही म्हण काहीच सांगत नाही. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वान-प्रशिक्षण केंद्र आहे. ज्या मुधोळ जातीला आपण शिकारीपलीकडे निरुपयोगी समजत होतो, तिच्यातील रिया नावाच्या कुत्रीने २०२४ साली लखनौच्या अखिल भारतीय पोलीस स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला.

दुसरा आक्षेप असा की, कुत्र्याला धनी कोण ते कळले पाहिजे, कारण लांडग्यांच्या कळपात बलिष्ठच राज्य करतो. हे मत १९४७ साली कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून निघाले. त्याचा प्रसार करणाऱ्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिले की, रानातील कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिले. आईबाप होण्यासाठी काठी लागते काय?

तिसरा आक्षेप सभ्य गृहस्थांचा: ही तर लाच झाली! लाच काम करण्यापूर्वी आणि अकृत्यासाठी देतात. योग्य कृत्यानंतर जे देतात त्याला आपण वेतन म्हणतो. प्रसादाच्या आशेने आरतीला टाळ वाजविणाऱ्या आपल्या मुलांना आपण कधी लाचखाऊ म्हटले आहे काय?

पद्धत अगदी साधी आहे. चिमूटभर उकडलेले चणे किंवा पनीरचे बारीक तुकडे घ्यावे. तुकडा कुत्र्याच्या नाकाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्यावा; मान वर जाते आणि मागचे अंग आपोआप खाली टेकते. त्याच क्षणी ‘शाबास’ म्हणून तुकडा द्यावा. विलंब झाला तर बक्षीस दुसऱ्याच कृत्याला मिळते. असे चारसहा वेळा जमले की ‘बस’ हा शब्द जोडावा. आपल्या इंदुरी घरांत आई ‘बस’ म्हणते, मुले ‘बैठ’ म्हणतात आणि काका ‘सिट’ म्हणतात. मग कुत्रा गोंधळला तर दोष कोणाचा? शब्द एकच ठरवावा. एका वेळी पाच मिनिटे पुरेत, आणि उन्हाळ्यात ती सकाळची असावीत. पुढे तुकडे विरळ करून नुसती थाप द्यावी. हाकेला आलेल्या कुत्र्याला मात्र कधीही, कितीही उशिरा आला तरी, रागे भरू नये. बेदाणे घातलेला लाडू, कांदा-लसणाचे पदार्थ आणि चॉकलेट त्याला देऊ नये. ती त्याला विषासमान आहेत. तिखट-मिठाची शेवही नको.

सोवळ्याओवळ्याची ज्यांना काळजी आहे त्यांनी तर हे अगत्याने करावे. देवघराच्या उंबऱ्याबाहेर त्याला बसवून ‘थांब’ म्हणावे. प्रथम एक क्षण, मग एक पाऊल दूर जाऊन, मग दोन. थांबला की तुकडा. महिनाभर हे नेमाने केले तर बहुतेक कुत्री नैवेद्य होईपर्यंत उंबऱ्याबाहेर स्वस्थ बसून राहतात. काठी हे कधीही साधणार नाही. काठी उचलणारा हात दिसेनासा झाला की ताट त्याचेच.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आग्रह धरल्यामुळे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि प्राण्याला निष्कारण पीडा होईल असे मारणे अपराध ठरले. पण घराच्या भिंतींआड शिपाई येत नाही. तेथे आपला विवेकच शिपाई. ज्या महाभारताच्या आरंभी पिलाला मार बसतो, त्याच्याच सतराव्या पर्वात युधिष्ठिर कुत्र्यावाचून स्वर्गही नाकारतो. आपल्याकडे तेवढा त्याग कोणी मागत नाही. मागतो तो मूठभर चणे आणि पाच मिनिटांचा धीर. ते देण्यास जो तयार नसेल, त्याने कुत्रा पाळू नये.