आरमाराच्या दहनाचीही स्मृती हवी

मराठी आरमाराची मुहूर्तमेढ आपल्या खाडीकाठी रोवली गेली, हे अभिमानाने सांगणाऱ्या कल्याणने त्याच आरमाराच्या एका समर्थ शाखेच्या विनाशातील आपल्या सुभ्याचा वाटाही तितक्याच निर्भीडपणे सांगावयास हवा. इंग्रज कंपनीच्या ताब्यातून हस्तगत होऊन तुळाजी आंग्र्यांच्या आरमारात सामील झालेले ‘रेस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या आश्रयास असताना, इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या काफिल्यातून सुटलेला एक कुलपी गोळा त्यावर पडला आणि त्या आगीत दाटीने नांगरलेले आंग्र्यांचे बहुतेक सारे आरमार भस्मसात झाले.

तुळाजींविरुद्ध इंग्रजांसह काढलेल्या या मोहिमेची पेशव्यांच्या वतीने सूत्रे हलविणारे रामाजी महादेव हे कल्याणचेच सुभेदार. तुळाजी हुजूरचा अंमल जुमानीत नसत, हे खरे. परंतु उद्दाम सरदारास वठणीवर आणणे निराळे, आणि त्यासाठी परकीय तोफांना पाचारण करणे निराळे. इंग्रजांशी झालेल्या करारानुसार पेशव्यांना मिळावयाचा विजयदुर्ग किल्ला इंग्रजांनी अडकवून ठेविला आणि ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोट पदरात पाडून घेतल्यावरच तो सोडण्याचे कबूल केले.

समुद्रावरील स्वकीय बळ असे खच्ची झाल्यावर, १७७४ च्या डिसेंबरात त्याच कंपनीने ठाण्याचा किल्ला जिंकला, यात नवल ते काय? कल्याणच्या खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्याच्या परिसरात आरमाराचा गौरव करताना हा धडा वगळणे म्हणजे जमेची बाजू दाखवून खर्चाची दडविणे होय; आणि असा अपुरा ताळेबंद कोणत्याही जबाबदार दफ्तरात मंजूर होत नाही.