हजेरीपत्रकातली नऊ माणसे

बँकेच्या नोकरीत असताना कर्जदारांच्या कारखान्यांना भेटी देण्याचे काम माझ्याकडे बरीच वर्षे होते. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका गृहस्थांचे छोटे वर्कशॉप होते. हजेरीपत्रकात माणसे नऊ. यंत्रांपुढे मोजली तर चौदा. मी विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘साहेब, दहावा माणूस कागदावर आला की त्याच्यामागून कायदा येतो.’’

त्या बोलण्यात लबाडी होती, तशी भीतीही होती. १९४८चा कारखाने कायदा विजेवर चालणाऱ्या कारखान्याला १० कामगारांपासून लागू होई. १९७२चा ग्रॅच्युइटीचा कायदाही दहापासूनच. प्रॉव्हिडंट फंडाचा वीसपासून. प्रत्येकाचे रजिस्टर निराळे, तपासनीस निराळा. मोठ्या कंपनीत यासाठी स्वतंत्र खाते असते. छोट्या मालकाकडे असतो महिन्यातून एकदा येणारा सल्लागार आणि रात्री वह्या लिहिणारी पत्नी.

आता हे चित्र पालटले आहे. संसदेने २०१९मध्ये वेतन संहिता संमत केली, २०२०मध्ये औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता या तीन संहिता. त्यांनी २९ जुने कायदे पोटात घेतले. पण अंमल सुरू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडावे लागले. इतकी वर्षे ‘लांडगा आला रे आला’ ऐकून मालकांनी कान बंद केले होते. लांडगा आला, तेव्हा अनेक जण बेसावध होते.

मालकाला सगळ्यांत महाग पडेल ती वेतनाची नवी व्याख्या. मूळ पगार कमी दाखवायचा आणि बाकी रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत घालायची, ही आपल्याकडची जुनी युक्ती. आता वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. समजा, एका पर्यवेक्षकाला ४० हजार मिळतात. त्यांत मूळ पगार व महागाई भत्ता १६ हजार, बाकीचे भत्ते २४ हजार. पूर्वी त्याची दहा वर्षांची ग्रॅच्युइटी १६ हजारांवर, म्हणजे सुमारे ९२ हजार झाली असती. आता ती २० हजारांवर, म्हणजे सुमारे १ लाख १५ हजार होते. ज्याने यासाठी पैसे बाजूला ठेवलेले नाहीत, त्याच्या ताळेबंदातला नफा खरा नव्हेच. हे कर्ज बँकेचे नसते, म्हणून ते दिसत नाही, इतकेच.

मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. पाच वर्षांची अट त्याला नाही. नोकरी सुटल्यावर त्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे लागते. दुसरीकडे मालकाला सवलतीही आहेत. विजेवरच्या ‘कारखान्या’ची मर्यादा १०वरून २०वर गेली. कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची मर्यादा १००वरून ३०० झाली, आणि कामगार संघटनांचा विरोध मुख्यतः इथेच आहे. तो मला गैरवाजवी वाटत नाही.

पण मर्यादा वाढली म्हणून पुन्हा माणसे लपवायला जागा झाली, असे कुणी समजू नये. किमान वेतन एकाच माणसाला कामावर ठेवणाऱ्यालाही चुकत नाही. नेमणूकपत्र द्यावे लागते. शिवाय संहिता केंद्राच्या असल्या तरी राज्याचे नियम निराळे, आणि महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७चा कायदा या संहितांच्या बाहेरच आहे. तेव्हा सल्लागारावर सारे सोपवून चालणार नाही. वर्षातून निदान दोनदा मालकाने स्वतः त्याच्यासमोर बसावे, ‘या सहा महिन्यांत काय बदलले?’ असे विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.

शिरोलीच्या त्या कागदाबाहेरच्या पाच जणांपैकी एक जण पुढे घरासाठी कर्ज मागायला माझ्याच टेबलासमोर येऊन बसला. अकरा वर्षे लेथवर उभा राहिलेला माणूस. त्याला मी ओळखत होतो, त्याचे काम डोळ्यांनी पाहिले होते. पण पगाराचा दाखला नव्हता, नेमणुकीचा कागद नव्हता. अर्ज मला परत करावा लागला. मालकाची पाच माणसे वाचली होती. त्या माणसाचे घर मात्र राहून गेले.