अभ्यासक्रम मागायचा तो लेखक म्हणून

अमेरिकेत सर्जनशील लेखनाची ‘एमएफए’ ही पदवी साधारण दोन-तीन वर्षांची असते. आयोवाचा प्रसिद्ध ‘रायटर्स वर्कशॉप’ १९३६चा. पुढे असे विभाग अनेक विद्यापीठांत निघाले. नेहमीच्या वर्गात जे शिकवत नाहीत ते शिकायचं असेल, तर तिथे ‘इंडिपेंडंट स्टडी’ची सोय असते. एखाद्या प्राध्यापकाला राजी करायचं, काय वाचणार, काय लिहिणार, किती वेळा भेटणार, गुण कशावर मिळणार हे लिहून द्यायचं. विभागाने मान्य केलं की त्याचे क्रेडिट मिळतात.

मी तिथे शिकलो असल्याने आपल्यातली काही मुलं-मुली असे मसुदे मला दाखवतात. बहुतेकांचं शीर्षक एकाच वळणाचं असतं : ‘मराठी मुस्लिमांचं साहित्य आणि अस्मिता’. विषय चांगलाच आहे, पण तो समाजशास्त्राचा. लेखन शिकायला गेलेल्याने समाजाचा प्रतिनिधी होऊन अर्ज का करावा? बाकीचे विद्यार्थी कादंबरीतल्या निवेदकाबद्दल बोलणार आणि आपण मात्र आपण कोण आहोत हेच समजावत बसणार!

माझ्या अर्जात एकच प्रश्न होता. घरात दखनी बोलणारी अम्मी मराठी कथेत कोणत्या भाषेत बोलेल? तिला प्रमाण मराठी दिली तर ती खोटी वाटते, सगळी दखनी दिली तर पुण्या-नाशिकचा वाचक अडखळतो. वाचायला हमीद दलवाईंची ‘इंधन’ घेतली. तिचा दिलीप चित्रे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे, ही मोठी सोय. सोबत झोरा नील हर्स्टन यांची १९३७ची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’. तिच्यात माणसं काळ्या समाजाच्या बोलीत बोलतात आणि निवेदन बरंचसं प्रमाण इंग्रजीत चालतं.

“मला मराठी येत नाही, मी तपासणार काय?” असं प्राध्यापकांनी विचारलं होतं. शंका रास्त होती. पण हर्स्टनबाईंमुळे प्रश्न त्यांच्याही घरचा झाला. मी तीन कथा लिहायच्या, प्रत्येकीचा शब्दशः इंग्रजी तर्जुमा जोडायचा आणि संवादांत केलेल्या निवडीची कारणं सांगायची, असं ठरलं.

या सोयीचं मला कौतुक आहे, तसा रागही आहे. इतरांचं साहित्य वेळापत्रकात असतं, आपलं मात्र अर्ज करून मिळवावं लागतं. शिवाय तो प्राध्यापक गेला की विषयही गेला. म्हणून सत्र संपल्यावर वाचनाची यादी विभागाकडे देऊन ‘हा नियमित कोर्स करा’ असं लेखी मागावं. मी मागितलं. झालं नाही, ती गोष्ट वेगळी.

इकडे सोलापुरात १९९०मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. अभ्यासक्रमात आम्ही कुठे, ही तक्रार मी अनेक व्यासपीठांवरून ऐकली आहे. ती खरीच आहे. पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या ‘योगसंग्राम’पासून आजच्या कथेपर्यंत एका सत्रात, आठवड्यागणिक काय वाचायचं, याचा दोन पानी कागद कुणी मराठी विभागाच्या टेबलावर ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्याला ना अनुदान लागतं, ना ठराव.

माझा जुना अर्ज मागेल त्याला मी देतो. फक्त त्यातली पुस्तकांची यादी काढून देतो. ती ज्याची त्याने करायची.