जोडणीत आणि वाहतुकीत काटकसर नको

कोकणात आंबा-काजूच्या बागांत आणि देशावर द्राक्ष-डाळिंबाच्या मळ्यांत छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर, मागे बॅकहो लावून धंदा करणारे तरुण आता दिसू लागले आहेत. मोठा जेसीबी जिथे वळत नाही, तिथे हा ट्रॅक्टर दोन झाडांमधून शिरतो. पाइपलाइनचा चर काढतो, आंब्याच्या कलमासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेतो. कर्ज काढून स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या या पोरांचं मला मनापासून कौतुक वाटतं, आणि म्हणूनच त्यांची काळजीही वाटते. कारण पैसे वाचवायची वेळ आली की कात्री लागते ती नेमकी जीव वाचवणाऱ्या गोष्टींना.

पहिली गोष्ट सबफ्रेम. ट्रॅक्टरच्या तीन लिंकांवर नुसता बॅकहो टांगला, तर खोदताना बकेट खडकात अडकते तेव्हा सगळा सांगाडा उसळून वर येतो आणि ऑपरेटर ट्रॅक्टर आणि बॅकहोच्या मध्ये चेंगरू शकतो. खालून जाणारी मजबूत फ्रेम हा जोर पूर्ण ट्रॅक्टरवर वाटून देते, गिअरबॉक्सचं हाउसिंगही वाचतं. दुसरी गोष्ट मागचं वजन. बॅकहो काढून नुसता लोडर चालवायचा, तर भरलेल्या बकेटमुळे मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी चाकांना वजनं लावावीत, टायरांत पाऊण भाग पाणी भरावं आणि बकेट जमिनीलगत ठेवूनच चालवावं. डोक्यावरची संरक्षक फ्रेम आणि सीटबेल्ट तर हवेतच.

खरी कसोटी लागते ती ट्रॅक्टर दुसऱ्या गावाला न्यायचा तेव्हा. बांधाला ट्रक लावून, फाळका पाडून, दोन आखूड फळ्यांवरून ट्रॅक्टर चढवायची पद्धत सर्रास आहे. मागे बॅकहोचं ओझं असताना तोंड पुढे करून चढवलं की पुढची चाकं उचलू लागतात. जड बाजू चढाच्या वरच्या अंगाला राहील अशा बेताने, रिव्हर्समध्ये, सावकाश चढवावं. फळ्या लांब घ्याव्यात, नाहीतर बॅकहो खाली घासतो.

हौद्यात आल्यावर लोडरची बकेट टेकवायची, हँडब्रेक ओढायचा, चाकांना उटी लावायची. बॅकहो दुमडून बूमची आणि फिरकीची अशा दोन्ही लॉकपिना घालायच्या, त्यांना चिमटेही लावायचे. इंजिन बंद असताना नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा ठेवता येत नाही. तेल हळूहळू सुटतं, आणि खड्ड्यात धक्का बसला की बूम रस्त्यावर आडवा होतो. चारही कोपऱ्यांतून साखळ्या फ्रेमला बांधायच्या, बॅकहोला वेगळी साखळी द्यायची आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा ताण बघायचा.

निघण्यापूर्वी वजनकाट्यावर जावं. ट्रॅक्टर, लोडर, बॅकहो आणि टायरांतलं पाणी मिळून वजन अंदाजापेक्षा बरंच जास्त भरतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे.

आणि वाहतुकीत ट्रॅक्टरच्या सीटवर कुणालाही बसू देऊ नका. भाऊ असो, मजूर असो, त्याला केबिनमध्ये जागा द्या. जागा नसेल तर एसटीने पाठवा.